दुसरी हाक

मंगळवार, ता. ९, दुपार

दादा,

साष्टांग नमस्कार. पत्रलेखनाचे पाचपैकी पाच गुण मला शाळेत कधी मिळाले नाहीत, त्यामुळे वर-खाली काही राहिलं असेल तर सांभाळून घे. वहिनीची टाच दुखायची थांबली का? मी मजेत आहे. लिहायची पद्धत म्हणून नाही, खरंच.

मुख्य बातमी अशी की मी टिकलेय. हस हवं तर. रोपवाटिका झाली, फ्रेमचं दुकान झालं, बोटीवर तिकिटं फाडून झाली, आणि आता दहा महिने एकाच जागी. तू म्हणायचास, भिंगरी थांबते ती पडायच्या आधीच. मी थांबलेय आणि उभी आहे, याची नोंद घ्यावी.

आम्ही तिघं मिळून कंप्युटरवर खेळायचा एक भुताचा गेम करतोय. लॉन्ड्रीच्या वरच्या दोन खोल्या, खालून दिवसभर वाफ. चित्रं काढते तिला आम्ही चितारीण म्हणतो. प्रोग्रॅम लिहितो तो वकील, कारण खिडकी किती उघडायची यावरही तो बाजू मांडतो. आणि आवाज सगळे माझे. हाड मोडल्याचा आवाज कसा काढतात माहितीये? कोबीचा गड्डा पिळायचा. गेल्या महिन्यात इतका कोबी मोडला की खालच्या इस्त्रीवाल्या मावशी वर येऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे दुसरी भाजीच येत नाही का गं?"

गेम छोटासा आहे, चाळीस मिनिटांत संपतो. जपानी लोककथांवरचा. डोंगरातली एक ओसाड सराई. शंभर वर्षं वापरून टाकून दिलेल्या वस्तूत जीव येतो अशी तिकडची समजूत, म्हणून आमच्या सराईत एका डोळ्याची छत्री एका पायावर उड्या मारते आणि कंदील जीभ काढून दाखवतो. छत्रीची उडी मी ओल्या बुटाने केलीय, बुटात मूठभर वाटाणे घालून. ते सुचायला तीन दिवस लागले. वाटाणे आधी कच्चे घेतले होते, ते चालत नाहीत, वाळलेलेच लागतात, आणि डाव्या पायाचा बूट उजव्यापेक्षा चांगला वाजतो, का ते देव जाणे. असो. भरकटले.

तर गेमचा नियम. एका मुलीला सराईच्या पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत न्यायचं. वाटेत अंधारातून हाका येतात. भुताला हाक एकदाच मारता येते. दुसऱ्यांदा हाक आली तर समजायचं, माणूस आहे. म्हणून पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. थांबायचं. दुसरी आली तर जायचं, नाही आली तर पळ काढायचा. चितारणीने हे कुठल्याशा जुन्या गोष्टीत वाचलं. तिकडे फोनवर 'मोशी मोशी' असं दोनदा म्हणतात, तेही त्यामुळेच म्हणे.

मला नियम लगेच पटला. आपल्या घरी तो होताच की. आईने कधी एका हाकेत काम सांगितलंय? "भिंगरे." मग शिलाई मशीनचे दहा-बारा टाके. मग मशीन थांबायचं आणि, "अगं भिंगरे, बहिरी झालीस का?" पहिल्या हाकेला उठायचं नसतं हे मला चालता येण्याआधीपासून माहीत. फोनचंही तेच. एकदा वाजायचा. नाही उचलला तर पाच मिनिटांनी परत.

भुताच्या आवाजासाठी आम्ही अकरा जणांना बोलावलं. वकिलाचं भूत पडशाने बेजार वाटायचं. चितारणीला हसू आवरायचं नाही. शेवटी मी माझ्याकडचं एक रेकॉर्डिंग काढलं. तुला ते माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी मी छोटा रेकॉर्डर घेतला होता, तेव्हा आईच्या मशीनचा आवाज टिपत होते. मधेच ती हाक मारते. दोनदा. दुसऱ्यांदा कात्री कुठे ठेवलीस म्हणून विचारते. कात्री माझ्याच हातात होती.

दादा, मी ती दुसरी हाक कापली. पहिली ठेवली. कामाच्या दृष्टीने अगदी नेमकं जमलं. ज्यांनी ज्यांनी खेळून बघितलं ते सगळे त्या हाकेला जीव घेऊन पळाले, आणि मी मागे उभी राहून खूश.

मग इस्त्रीवाल्या मावशींना बसवलं. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही. माउस असा धरला होता जणू इस्त्रीच. छत्रीला बघून म्हणाल्या, "हिला दुरुस्त करा कुणीतरी." शेवटच्या खोलीत रेकॉर्डिंगमधलं मशीन थांबलं, आईची हाक आली. मावशींनी माउस खाली ठेवला.

"मावशी, पळा," वकील म्हणाला.

"का पळू? कुणाची तरी आई बोलावतेय."

"एकदाच बोलावलं ना? म्हणजे भूत. नियम आहे तो."

"तुझा नियम ठेव तुझ्यापाशी," मावशी म्हणाल्या. "दुसऱ्यांदा हाक मारायला अंगात दम तर हवा. नसेल राहिला तिच्यात."

मी खाली जाऊन लॉन्ड्रीच्या दारात उभी राहिले.

आई गेली त्या दिवशी बोटीवर रेंज नव्हती, असं मी तुला दारात सांगितलं. रेंज होती. फोन हातात होता. 'आई' असं दिसलं, मी एका प्रवाशाशी उतरायच्या धक्क्यावरून हुज्जत घालत होते, म्हटलं, करेल परत. तिने परत केला नाही. तू कामावरून आलास तेव्हा चार वाजले होते. तिच्या फोनमध्ये तो कॉल दिसत असणारच. तू बघितला असशील. तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस, आणि तिसऱ्या दिवशी मी बॅग उचलली.

आता पुढचं. मी गेमचा शेवट बदलला. शेवटच्या खोलीत हाक आजही एकदाच येते, पण जो पळतो त्याला मागचं दार सापडत नाही. जो वळून हाकेच्या दिशेने जातो त्यालाच उघडतं. तिथे कुणी नसतं. मशीन असतं, आणि त्याचं चाक अजून फिरत असतं. वकील दोन दिवस भांडला. "चाळीस मिनिटं जे शिकवलं ते शेवटी खोटं? लोक शिव्या घालतील." म्हटलं, घालू देत, विसरणार नाहीत. आता तोही गप्प आहे, म्हणजे पटलंय.

चांगला झालाय, दादा. मी आजवर केलेल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा चांगला.

पण आई तुझीही आहे. तिचा आवाज आत ठेवायचा की नाही, हे तू सांग. गेम पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला बाहेर पडेल. नको म्हणालास तर मावशींचा आवाज घालीन, त्या तयार आहेत, आणि गेम तरीही उभा राहील, तेवढं मला येतं. सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात मूळ रेकॉर्डिंग आहे, न कापलेलं, दोन्ही हाकांसकट. ते तुझं. तुझं उत्तर काहीही असलं तरी तुझं.

या वर्षात मी तुला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकदाच वाजवून ठेवला. ते चुकलंच. म्हणून हे पत्र मी हाताने दोनदा उतरून काढलंय, अक्षर न् अक्षर तेच. एक आज पेटीत टाकते, दुसरं उद्या. पहिल्याला ओ दिली नाहीस तरी चालेल.

दुसऱ्याची वाट बघणारी,
भिंगरी