लेकीनं माझं व्याख्यान मनावर घेतलं

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकणं जमतं, उठायला खुर्ची लागते.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला असेल तर कळव, राहिला असेल तर कळवू नकोस. काळजीचा कोटा भरला आहे.

गेली तीन वर्षं मी 'पुढची पन्नास वर्षं' या विषयावर गावोगाव गर्जतो आहे, हे तू जाणतेसच. पाणी आटणार, उन्हाळे भाजून काढणार, नोकऱ्या यंत्रं गिळणार! सभागृहं गच्च भरतात. लोक हादरतात, टाळ्या पिटतात आणि घरी जाऊन पोटभर जेवतात. पण ही सगळी व्याख्यानं टाइप करून देते कोण? माझी लेक. तिनं एकटीनंच ती मनावर घेतली! परवा शांतपणे म्हणाली, "बाबा, मूल नकोच, असं आमचं ठरत आलंय." जावयानं (पाणीपुरवठ्यात नोकरीला आहे, तलावाची पातळी रोज मोजतो) नुसती मान हलवली.

मी ताडकन उठलो आणि उलट बाजूनं दीड तास बोललो. माणसानं कुठल्या संकटात पाळणा हलवला नाही? भीतीला एवढे वारस, मग आशेलाच एखादा का नसावा? असा मी पेटलेला, आणि जावई मध्येच उठून दूध उतू जातंय का ते बघून आला. लेक तर सवयीनं चुका काढत होती. "बाबा, हा आकडा मागच्या व्याख्यानात दुप्पट होता."

शेवटी दमून विचारलं, "अगं, तुला नेमकी भीती कशाची?"

"उन्हाळ्यांची आहेच. पण त्याहून जास्त एकटं पडायची. आम्ही दोघंही कामावर. मंगळवारी तुम्ही बाळाला सांभाळाल?"

ताई, मंगळवारी माझी व्याख्यानं असतात. आणि हे मी तोंडानं बोललोसुद्धा! ती नुसती हसली. तिच्या लहानपणी मी दौऱ्यावर निघालो की अशीच हसायची, ते मला आत्ता कळलं.

तुझा,
घसा बसलेला धाकटा

ता.क. मंगळवारची सगळी व्याख्यानं रद्द केली. आयोजक शिव्या घालताहेत, तुझ्याकडे विचारणा झाली तर मी आजारी आहे.

आणखी एक : तान्ह्या बाळाला आंघोळ कशी घालतात, ते चित्र काढून कळव. आपल्याच लेकीच्या वेळी शिकायचं राहिलं.

शेवटचं : बाळ होईल की नाही, ते तिनं सांगितलेलं नाही. मीही विचारणार नाही. तो निर्णय त्यांचा. दर मंगळवारी मात्र तिच्याकडे जायचं ठरलंय. तिची एकच अट आहे, भाषण करायचं नाही. तेव्हा ताई, आंघोळीचं मागाहून लिहिलंस तरी चालेल. न बोलता दुपारभर कसं बसतात, ते आधी लिही.