जीभ शाबूत आहे तोवर

शनिवार, ९ मार्च

इग्नासचा फोन. येतोय! शिकागोहून, मंगळवारी, एकटाच. "जेवायला येतोय. कुठे कुठे न्यायचं ते तू ठरव," म्हणाला. आवाज जड झालाय, शब्द तोंडात अडकतात. मग हवापाणी सांगावं तसं सांगितलं – जिभेचा कॅन्सर आहे, येत्या एकवीस तारखेला जीभ काढणार. पुढे पोटात नळी. तोंडाने काही नाही, कधीच.

फोन ठेवला आणि वेड्यासारखी फ्रिज पुसत बसले. एकुलता एक भाऊ माझा.

रविवार, १०

न्यू ऑर्लिन्समध्ये "पाहुणा येतोय, कुठे नेऊ?" असं चर्चच्या पायरीवर विचारू नये. भांडणंच लागतात. एक म्हणते सिसिलीवाल्यांच्या दुकानातला ऑलिव्हचा पाव, दुसरी म्हणते तो काय पाव, त्यापेक्षा पूर्वेकडच्या व्हिएतनामी लोकांकडे ने. शेजारच्या मार्लेनीने हात वर केले – "माझ्या खानावळीत आणलं नाहीस तर बोलणार नाही तुझ्याशी." ती मूळची होंडुरासची, पण रुसायला इथेच शिकली.

रात्री फोनवर इग्नासने त्याला आठवणाऱ्या खानावळींची नावं घेतली. ते? वादळात गेलं. ते? मालक वारला. फक्त विल्बर्टचं टिकलंय. "मग विल्बर्टकडे तळलेल्या कालवांचा पाव, सगळं घालून," म्हणाला. बाकी काही नसलं तरी चालेल.

मंगळवार, १२

विमानतळावर ओळखलंच नाही आधी. शर्ट दुसऱ्या कुणाचा घातल्यासारखा.

दुपारी व्हिएतनामी सूप. दोन चमचे घेतले, वाडगा सरकवला. "छान आहे." संध्याकाळी मार्लेनीकडे तेच. तिने विचारलं, "काय दादा, आवडलं नाही का?" तर म्हणे, "डोळ्यांनी जेवतोय बाई."

रस्त्यात चिडले मी त्याच्यावर. म्हटलं, शिकागोचं पाणी लागलंय तुला, आता आमचं कशाला गोड लागेल! तो नुसता हसला. आजारी माणसावर कुणी चिडतं का? पण मी चिडले.

बुधवार, १३

आज घरी गंबो केला.

ह्या गावात गंबो बाहेर खात नाहीत. ज्याच्या-त्याच्या आईचा चांगला, बाकी सगळे नुसते रस्से. माझी पंचाईत अशी की आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. मला वाढवलं माझ्या धर्ममातेने, ननेनने. गंबोही तिनेच शिकवला. आईच्या हाताची चव माहीत आहे ती फक्त इग्नासला. तो तेरा वर्षांचा होता.

त्याला बजावलं होतं, मी तेलात पीठ परतत असताना बोलायचं नाही. हात थांबला की संपलं. पीठ चॉकलेटच्या रंगावर आलं पाहिजे आणि एक काळा कण दिसला तर सगळं गटारात, असं ननेन म्हणायची. पण हा गप्प बसेल तर ना. खुर्चीत बसून म्हणाला, "ऑपरेशननंतरही करत जा गं गंबो. मी वास घेईन." मला रडू फुटलं. डोळे पुसेपर्यंत करपलं.

टाकून द्यायला हवं होतं. धीर झाला नाही. पुन्हा तासभर त्याला उपाशी ठेवू? कळणार नाही म्हटलं आणि भेंडी, खेकडे, कोळंबी सगळं घालून मोकळी झाले. शेवटी चाखून पाहिलं तर कडू – औषधासारखं कडू! मागे वळते तो हा वाडगा भरून घेऊन बसलेला. घास गिळताना मान वाकडी करत होता, तरी दोन वाडगे खाल्ले. म्हणाला, "अगदी आईसारखा."

म्हणजे चव गेलीच आहे त्याची. ह्या गावात वाढलेला माणूस करपलेला गंबो असा खाईल? थुंकून टाकेल. बिचारा, मला बरं वाटावं म्हणून बोलला. मीही समोर बसून माझा वाडगा संपवला.

गुरुवार, १४

सकाळी म्हणाला, "आज विल्बर्टकडे?" मी म्हटलं, रांग फार असते. दुपारी पुन्हा म्हणाला. मी म्हटलं, त्या कडक पावाने घसा सोलून निघेल, कशाला उगाच? खरं कारण वेगळं होतं. चवच नाही, तर त्याच्यासमोर तो पाव ठेवून त्याला गोड बोलायला लावायचं, हे मला बघवलं नसतं.

त्याला तळ्यावर नेलं. पाणी बघत बसलो. "बरं," एवढंच म्हणाला होता. त्याचं ते "बरं" लहानपणापासून ओळखते मी. पण आज वाटलं, दमला असेल.

शुक्रवार, १५

दिवसभर पडून होता. दूध घेतलं थोडं.

शनिवार, १६

गेला. दारात मला जवळ घेतलं, म्हणाला, "जेवलो हो पोट भरून." घरात अजून करपल्याचा वास आहे. खिडकी उघडली नाही.

बुधवार, २०

उद्या सकाळी ऑपरेशन. आत्ताच फोनवर बोललो.

"पोरी, त्या दिवशी पीठ करपलं होतं."

मी विचारलं, "तुला चव लागत होती?"

"लागत होती म्हणजे काय? जीभ दुखते, मेली नाहीये अजून. आईचं दर वेळी करपायचं. बोलत बसायची आणि हात थांबायचा. आईच्या गंबोला नावं कोण ठेवणार, म्हणून तुला कुणी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी ती चव मिळाली, फिलोमेन."

"आणि विल्बर्टची कालवं?"

"ती राहिली," म्हणाला.