डोरीनच्या लॅपटॉपचा कायापालट

८ जानेवारी, सकाळी
डोरीनने लॅपटॉप सुरू केला तेव्हा मी दाढी करायला गेलो. दाढी झाली, कॉफी झाली, दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ ओढून झाला. परत आलो तर स्क्रीनवरचं ते चक्र अजून फिरतंच आहे. डोरीन म्हणाली, अल्डो, आता नवीन घेऊ या. जणू लॅपटॉप म्हणजे दूध. नासलं की ओतून द्यायचं.

हे तिच्या डोक्यात भरवलंय वॉल्टरने. वॉल्टर म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जन्मभर सिटी बस चालवली, त्यामुळे पुढच्या स्टॉपपलीकडे विचार जात नाही. दर दोन वर्षांनी लॅपटॉप बदलतो. बिघडलेली वस्तू आधी उघडून बघायची असते, हे त्याच्या गावीही नाही. मी थंडर बेच्या कागद गिरणीत मेंटेनन्सला एकतीस वर्षं काढली. दोन मजली यंत्रं माझ्या पावलांच्या आवाजाने सुधारायची. हा लॅपटॉप तर मांडीवर मावतो.

डोरीनची परीक्षा २४ फेब्रुवारीला आहे. फार्मसी टेक्निशियनची. बावीस वर्षं शाळेच्या कँटीनमध्ये सूप वाढलं, आता बाईंना औषधांच्या काउंटरमागे उभं राहायचंय. परीक्षा घरूनच, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची. शिकू दे, माझी ना नाही.

संकल्प: हाच लॅपटॉप नव्यासारखा करून देणार. एक आठवडा पुरे. तिला छातीठोकपणे सांगितलं. तिने विचारलं, नक्की ना? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१० जानेवारी
व्हिडिओ पाहिला. एक दाढीवाला, टोपी उलटी, हातभर गोंदवलेलं. अकरा मिनिटांत मेमरी वाढवतो आणि नवी डिस्क बसवतो. त्यातली चार मिनिटं नुसती बडबड. म्हणजे मला सात लागतील. बाकीचे व्हिडिओ पाहिले नाहीत. सगळे तेच सांगणार.

मेमरी आणि डिस्क मागवली. मॉडेलचा नंबर लॅपटॉपच्या पोटावर असतो म्हणे, पण डोरीन त्यावर अभ्यास करत होती. उगाच तिला कशाला उठवायचं? अंदाजाने मागवली. माझा अंदाज सहसा चुकत नाही.

१७ जानेवारी
पार्सल आलं. बाहेर उणे एकतीस. लगेच कामाला लागलो. गिरणीतली शिस्त: प्रत्येक स्क्रूला स्वतंत्र जागा. डोरीनचा मफिनचा साचा घेतला. खळगे बारा, स्क्रू अकरा. तिला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, शनिवारी चर्चच्या विक्रीला मला हा साचा लागेल. काही माणसांना फक्त साचा दिसतो.

लॅपटॉप उघडला. मेमरी बसवायची खाच सापडेना. बॅटरी काढून खाली पाहिलं, पंखा काढून पाहिलं. शेवटी कळलं की खाचच नाही. मेमरी बोर्डावरच सोल्डर करून टाकलेली. ज्याने कोणी हे डिझाइन केलं त्याला गिरणीत मी झाडूसुद्धा धरू दिला नसता.

डोरीनने विचारलं, झालं का? मी म्हटलं, पहिला टप्पा पूर्ण.

संध्याकाळी वॉल्टरचा फोन. काय दाजी, सात मिनिटांचं काम आटोपलं का? म्हणजे या घरातलं सगळं त्या घरात जातं.

२१ जानेवारी
डिस्क मात्र मापाची निघाली. अंदाज! पण जुन्या डिस्कवरचं सगळं आधी नवीवर उतरवून घ्यायचं असतं, आणि त्यासाठी एक वायर लागते. दाढीवाल्याने वायरबद्दल बहुतेक त्या चार मिनिटांत सांगितलं असावं.

दुरुस्तीच्या दुकानात गेलो. काउंटरवर फिलिस नावाची बाई, साठीची, चष्मा साखळीने गळ्यात. मला म्हणाली, इथे आणून द्या, दोन दिवसांत करून देते. मी सांगितलं की मी एकतीस वर्षं गिरणीत होतो. ती म्हणाली, बरं. तिचं ते 'बरं' मला आवडलं नाही. वायर घेतली आणि निघालो.

२३ जानेवारी
जेवणाचं टेबल डोरीनला हवं होतं म्हणून काम गॅरेजमध्ये हलवलं. तिथला गॅसचा हीटर लावला. नक्कल करायला नऊ तास लागतात. साडेआठ तास झाले होते, चौऱ्याण्णव टक्के. तेवढ्यात डोरीनने हाक मारली, मला डेंटिस्टकडे जायचंय आणि ट्रक सुरू होत नाहीये, इंजिन गारठलंय. गॅरेजमध्ये प्लगला जागा एकच. मी लॅपटॉपचा प्लग काढून ट्रकची, इंजिन गरम करायची वायर लावली. लॅपटॉपची बॅटरी कधीच मेलेली आहे, हे मला माहीत होतं. त्या क्षणी फक्त आठवलं नाही.

हे घर ज्याने बांधलं त्याने गॅरेजमध्ये एकच प्लग का दिला? प्रश्न खरा हा आहे.

२६ जानेवारी
डोरीन सध्या फोनवर अभ्यास करते. एका हातात फोन, दुसऱ्या हातात भिंग. औषधांची नावं फार बारीक दिसतात, अशी तक्रार. डोळ्यांना व्यायाम होतो, हे तिला सांगितलं. तिने विचारलं, माझ्या नोट्स लॅपटॉपमध्ये आहेत, चार महिने टाइप केलंय, त्या ठीक आहेत ना? मी म्हटलं, अगं, जाणार कुठे आहेत?

३० जानेवारी
नक्कल वगैरे भानगडच नको, असं ठरवलं. नव्या डिस्कवर सगळी सिस्टम कोरी करकरीत टाकायची. जुनी डिस्क वायरीला लावून शेजारी ठेवली. खबरदारी म्हणून महत्त्वाच्या गोष्टी आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. निपिगॉनच्या तळ्यावर मासे धरतानाचे माझे फोटो, आणि बर्फ उडवायच्या मशीनचं माहितीपत्रक.

मग यादीत दोन डिस्क दिसल्या. दोन्हींना नाव नाही, नुसते लांबलचक नंबर. अशा वेळी डगमगायचं नसतं. डगमगणं हे वॉल्टरचं काम. एक निवडली आणि पुसली.

ती जुनी होती.

डोरीनने एवढंच विचारलं, नोट्स? मी तिला डिस्कची रचना समजावून सांगितली. वेगवेगळ्या कंपन्या नंबर कसे देतात, तेही. तिने मध्येच तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने मफिनचा साचा घासायला घेतला. साचा स्वच्छ होता. बराच वेळ घासत होती.

एकंदरीत तिने समजूतदारपणे घेतलं.

३१ जानेवारी
फिलिसकडे गेलो. ती म्हणाली, पुसलेलं परत मिळू शकतं, मात्र त्यावर नंतर काही लिहिलेलं नसलं पाहिजे. मी म्हटलं, काही नाही, काल सिस्टम दोनदा टाकून पाहिली, नवीवर टाकायच्या आधी हात बसावा म्हणून. फिलिसने चष्मा काढला. म्हणाली, तिच्याच डिस्कवर? हात बसावा म्हणून? आणि मागच्या खोलीत निघून गेली. हसण्याचा आवाज आला असं मला वाटलं. गिऱ्हाइकाशी वागायची पद्धतच राहिली नाही.

डोरीनला सांगितलं की आशा कमी आहे. ती म्हणाली, मला वाटलंच होतं. निदान तोंडदेखली आशा ठेवायला तिचं काय जातं?

५ फेब्रुवारी
यश! नव्या डिस्कवर लॅपटॉप नऊ सेकंदांत सुरू होतो. नऊ! दिवसभर बंद करून सुरू केला. एकदा साडेआठसुद्धा झाले. तीन स्क्रू उरले. कंपनी जास्तीचे देते.

वॉल्टरला फोन लावला आणि फोन लॅपटॉपजवळ धरला. तो म्हणाला, दाजी, मला काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, तेच तर! पूर्वी केवढी घरघर होती. त्याने घाईने फोन ठेवला. हेवा वाटला असणार.

डोरीनला म्हटलं, बस, कर अभ्यास. ती म्हणाली, कशाचा करू?

६ फेब्रुवारी
किरकोळ अडचणी. कॅमेरा चालत नाही. झाकण उघडताना कॅमेऱ्याची पातळ पट्टी तुटली असावी. इतकी पातळ पट्टी करणाऱ्याला लाज वाटायला हवी. शिवाय 'ई' अक्षराचं बटण दाबलं जातं, पण उमटत काही नाही. डोरीनला सुचवलं की 'ई' टाळून लिही. ती म्हणाली, 'ई' नसलेली दहा औषधं तू मला सांग. मला औषधांतलं काय कळतं? प्रत्येकाने आपापलं क्षेत्र सांभाळावं.

१२ फेब्रुवारी
डोरीन गेला आठवडाभर रोज संध्याकाळी वॉल्टरकडे जाते. अभ्यासाला, म्हणे. थर्मास नेते, कोऱ्या वह्या नेते. त्या घरात कसला अभ्यास होतो ते मला ठाऊक आहे. वॉल्टरची बायको नादिया पिरोगीच्या करंज्या उकडणार, वॉल्टर पत्ते पिसणार. इतकी वर्षं पाहतोय. नापास झाली तर खापर माझ्यावर फुटायला नको, म्हणून इथे तारखेसकट लिहून ठेवतो.

वेगळा कॅमेरा आणि वेगळा कीबोर्ड मागवला.

१९ फेब्रुवारी
कीबोर्ड बसला, 'ई' उमटते. कॅमेरा चिकटपट्टीने झाकणावर लावला. त्यात आधी छत दिसलं, मग डोरीनची फक्त हनुवटी. आज संपूर्ण चेहरा आला, उलटा. मी तिला म्हटलं, पाच दिवस आहेत, सरळ करतो. ती म्हणाली, अल्डो, तू त्रास घेऊ नकोस. इतक्या गोडीने बोलली म्हणजे परीक्षेचं दडपण आलेलं दिसतं.

२३ फेब्रुवारी
चेहरा सरळ झाला. सगळं तयार. दीड महिन्यात नवा लॅपटॉप. वॉल्टरने हे बघायला हवं.

२४ फेब्रुवारी, संध्याकाळी
सकाळी सहाला उठून जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं. कॅमेरा, कीबोर्ड, पाण्याचा पेला, खुर्चीवर उशी. आठला डोरीनला उठवायला गेलो तर बिछाना आवरलेला. फ्रिजवर चिठ्ठी: परीक्षा वॉल्टरकडे आहे. नऊ ते अकरा. काळजी करू नकोस.

लॅपटॉप काखेत मारून गेलो. तिला ऐन वेळी गरज पडली तर? नादियाने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. बूट काढायला लावले. मग स्वयंपाकघरात वॉल्टरच्या समोर बसवलं. डोरीन आतल्या खोलीत, दार बंद. वॉल्टरने एकतीस जानेवारीलाच तिला आपला लॅपटॉप देऊन टाकला होता, हे मला तिथे कळलं.

टेबलावर वह्यांचा गठ्ठा. सात वह्या, काठोकाठ भरलेल्या. अक्षर वॉल्टरचं. लायब्ररीतलं पुस्तक डोरीनने वाचायचं, त्यातलं महत्त्वाचं सांगायचं, आणि याने लिहायचं. तिचा हात दुखतो म्हणून. चार महिन्यांच्या नोट्स तीन आठवड्यांत पुन्हा झाल्या. वॉल्टर हळू आवाजात म्हणाला, दाजी, कोणती गोळी कोणत्या गोळीबरोबर द्यायची नाही, मला विचारा, झोपेत सांगीन.

मी एक वही उघडली. म्हटलं, अक्षर वाईट आहे.

तो म्हणाला, आहे खरं. तिला वाचता आलं म्हणजे झालं.

वही चाळत बसलो. समासात डोरीनने जागोजागी बरोबरच्या खुणा केल्या होत्या. एका पानावर ‘वॉल्टर, हे तू डुलक्या काढत लिहिलंयस’ असं लिहून खाली हसरा चेहरा काढला होता. असा चेहरा तिने माझ्यासाठी शेवटचा कधी काढला, ते आठवत नाही.

अकराला दार उघडलं. डोरीन पास. प्राथमिक निकाल लगेच स्क्रीनवर येतो. नादिया रडली. वॉल्टरने बहिणीला उचललं आणि कंबर धरून खाली बसला. डोरीनने सगळ्यांना मिठी मारली. माझा नंबर तिसरा लागला. गुलाबी आयसिंगचा केक आणलेला होता. म्हणजे ती पास होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. हॉस्पिटलजवळच्या औषधाच्या दुकानात तिचं बोलणंही झालंय, मार्चपासून. त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. मी म्हटलं, आण, हा लॅपटॉप नऊ सेकंदांत सुरू होतो. मग नादियाने माझ्यापुढे केकची बशी सरकवली. मी खाल्ला. चांगला होता.

परत येताना ट्रकमध्ये तिला सॉरी म्हणायचं होतं. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, लहानसंच. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हटलं, डोरीन, त्या दोन डिस्कचे नंबर फारच सारखे होते.

ती म्हणाली, होते रे, अल्डो. आणि रेडिओ लावला.