बाबांना ज्वालामुखी दाखवला

शनिवार, १४ जून १९८६
माउई, हवाई

पाय ठणकताहेत, पण बाबांचं ते वाक्य त्याहून टोचतंय.

आई गेल्यापासून बाबा साताऱ्यात एकटेच. त्यांना कायमचं अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्याकडे ठेवून घ्यायचं मी मनात ठरवूनच टाकलं होतं. त्यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, एकदा खरा ज्वालामुखी दाखवावा, म्हणून ही ट्रिप. तिथेच मी त्यांना विचारणार होते.

हलेआकालाचा ज्वालामुखी आता निद्रिस्त आहे. आत उतरलो तर नुसती तांबडी-काळी राख, झाड नाही, पाखरू नाही. बाबा वाकून राख हातात घेऊन बघत होते. मी म्हटलं, "बाबा, आता इथेच, आमच्याकडे राहा ना. तिकडे कोण आहे?"

"तिकडे तुझ्या आईबद्दल बोलणारी माणसं आहेत," ते म्हणाले. "भाजीवालीसुद्धा तिची आठवण काढते. इथे तिचं नाव निघालं की तू विषय बदलतेस."

खरंच बदलते का मी? हो. रडू येईल म्हणून. पण हे त्यांना कधी सांगितलं?

परतीचा चढ जीवघेणा. हवा विरळ, दर वळणावर थांबत होतो. अशाच एका वळणावर मीच विचारलं, "आई असती तर काय म्हणाली असती?"

"म्हणाली असती, एवढ्या लांब राख बघायला आणलंस? आपल्या बंबात काय कमी होती?"

हसता हसता त्यांना धाप लागली. मला रडू आलं, आणि आज मी ते लपवलं नाही.

बाबा परत जाणार. मी अडवणार नाही. वर पोचेपर्यंत आम्ही आईबद्दलच बोलत होतो.