बोट फिरलेला डबा

समुद्रपूर, शुक्रवार, मार्च १९५८

रविवारी मला पाहायला येणार आहेत. मुलाची आई म्हणे वेणी सोडून केस बघते, गंगावन लावलंय की काय म्हणून. माझ्या वेणीत खोटं काही नाही, पण सोडली की केस फुटलेल्या बोंडासारखे फुलतात. म्हणून काल मावशी हिंगणघाटहून केस सरळ करायच्या मलमाचा डबा घेऊन आली. तिच्या दिराने मुंबईच्या गोदीतून आणलेला, अमेरिकेचा.

झाकणावर एका बाईचं चित्र आहे. माझ्याहून काळी, आणि केस रेशमासारखे सरळ. तिचे आधीचे केस का नाही दाखवले? मलमाला वासही चुन्यासारखा. आणि मुख्य म्हणजे, नवा म्हणून आणलेल्या डब्यात बोट फिरल्याची खूण आहे. कोणाचं बोट?

मावशीचे केसही माझ्यासारखेच. पण आल्यापासून तिच्या डोक्यावरचा पदर ढळला नाही. घरात आम्ही दोघीच, चुलीपुढे घामाने भिजली, तरी नाही.

शेवटी विचारलंच, "मावशी, तू लावून पाह्यलं का हे?"

"मी कायले लावू?" म्हणाली, आणि पदर आणखी पुढे ओढला.

ते बोट डोक्यातून जाईना. मीच पदर मागे सारला. कानामागे रुपयाएवढं टक्कल, लालभडक.

रडली नाही. म्हणाली, "माह्यंच चुकलं बाई, मी लय वेळ ठेवलं. तू लवकर धुऊन टाकजो."

डबा उकिरड्यात पुरून आले. रविवारी कुणाला वेणी सोडायचा त्रास नको. मी केस मोकळे सोडूनच पोहे घेऊन जाणार.