अ. ब. क. यांचे पत्र

पनवेल,
शनिवार, दुपार

प्रिय शशिकला,

संघात मी तुला इतरांसारखंच शशिकलाताई म्हणतो. वर 'ताई' दिसली नाही, तर ती घाईत राहिली असं समजू नकोस. मीच लिहिली नाही. एका ज्येष्ठ नागरिकाने दोन गल्ल्या पलीकडच्या ज्येष्ठ नागरिकाला टपालाने पत्र पाठवावं, हा तुला वेडेपणाच वाटेल. फोन आहे, तळ्यावरचा कट्टा आहे, दर गुरुवारची सभा आहे. पण दिवाळीनंतर तू लेकाकडे, सत्यजीतकडे, पुण्याला कायमची राहायला जाणार, हे आपल्या चिटणीस किशोरीताईंनी परवा सभेत जाहीर केलं, आणि तेव्हापासून मला काय बोलायचं आहे ते माझ्या तोंडून धड बाहेर पडेल याचा मला भरवसा उरलेला नाही. कागदावर मी जरा बरा असतो. निदान तसा माझा समज होता. तो कसा गेला तेही सांगायचंच आहे.

आधी गुरुवारचं व्याख्यान. तू पहिल्या रांगेत बसून वहीत उतरवून घेत होतीस, त्यामुळे मागे काय चाललं होतं ते तुझ्या कानावर आलं नसणार. प्राध्यापक सांगत होते की जगात गायी हजार, पण त्या सगळ्यांत असलेलं गोत्व मात्र एकच. ही गाय, ती गाय, हे विशेष. गोत्व हे सामान्य. गायी जन्मतात, मरतात, गोत्वाला मरण नाही. माझ्या शेजारी आपले चिरनेरचे भगवानराव होते. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे त्यांना कुठलीही गोष्ट तिकीट काढल्याशिवाय पुढे गेलेली चालत नाही. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कुमारभाऊ, गाय मेली तरी गोत्व ऱ्हातं, मंग त्याला वैरण कोन घालतं?" मी म्हटलं, त्याला वैरण लागत नाही. "मंग दूध?" दूधही नाही. भगवानराव माझ्याकडे पुरते वळले आणि म्हणाले, "मंग ठेवलंय कशाला?" आमच्या रांगेतले चौघे हसले, प्राध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं. मी हसलो नाही, शशिकला. असलं एक वैरण न खाणारं, दूध न देणारं जनावर मी पंचावन्न वर्षं दावणीला बांधून ठेवलेलं आहे, हे मला त्या क्षणी दिसलं.

अकरावीचा वर्ग आठवतो तुला? डावीकडे मुली, उजवीकडे मुलं, मधून सर फिरणार. मराठीचा तास आला की मी बाकावर राहतच नसे. पाठ्यपुस्तकातल्या कवितांमधली ती चांदणी, ती पाखरं, ती आई, सगळी मला पनवेलपेक्षा खरी वाटायची. एकदा नदीची कविता चालली होती. सरांनी विचारलं, ही नदी कुठली. तू हात वर करून म्हणालीस, "गाढी." पनवेलच्या कडेने वाहणारी आपली गाढी. वर्ग हसत सुटला. सर म्हणाले, कवितेतली नदी कुठलीच नसते, म्हणून तर ती सगळ्यांची असते. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. तू मात्र उभीच. "सर, कुठलीच नसेल तर तिला पूर कसा येतो? गेल्या वर्षी आमच्या गोठ्यात आला तो कुणाचा?" सरांनी तुला बसायला सांगितलं. त्या दिवशी तुझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तू तो सेफ्टी पिनने जोडला होतास. बसताना ती पिन उघडली आणि तू ती पायाच्या बोटांनीच खाली दाबून धरलीस. हे मला दिसलं. पण हे लिहिण्यासारखं आहे, असं मला वाटलं नाही. मी पडलो कवितेचा माणूस.

पुढचं तुला माहीत आहे, कारण परवा चहाच्या वेळी तूच ते सगळ्या बायकांना सांगितलंस. वह्या गोळा करायचं काम तुझ्याकडे होतं. एकदा त्या गठ्ठ्यात एक सुटा कागद निघाला. वर 'प्रिय सखी', मध्ये चंद्र, कमळ, हरिणी, नदीचा काठ, आणि खाली 'तुझाच, अ. ब. क.' परीक्षेत पत्राखाली स्वतःचं नाव घालायचं नाही, अ. ब. क. लिहायचं, हे आपल्या हाडात मुरवलेलं होतं. तुला वाटलं कुणाचा तरी पत्रलेखनाचा सराव आहे, आणि तू तो सरांच्या टेबलावर ठेवलास. सरांनी मोठ्याने वाचला. दहापैकी सात गुण दिले आणि शेरा मारला, भाषा उत्तम, हेतू अस्पष्ट. कुणाचं, असं विचारलं तर एकही हात वर आला नाही. मग नमुना म्हणून त्यांनी ते सगळ्या वर्गाला उतरवून घ्यायला लावलं. तू तेवढ्यात म्हणालीस, "सर, यात मुलगी कुठे आहे?"

पण चाळीस मुलांनी उतरवलं ना. मग काय व्हायचं ते झालं. महिन्याभरात ते पत्र पनवेलभर हिंडलं. बेलपाड्याच्या जगनने ते वापरलं आणि त्याचा संसार आजही व्यवस्थित आहे, मागे त्याच्या नातवाच्या लग्नात मी जेवलो. एका मुलीला तर म्हणे एकाच दिवशी दोन हस्ताक्षरांत तेच पत्र आलं. गायी अनेक, गोत्व एक, दुसरं काय. आणि एक प्रत कॉलेजातल्या एका उंच मुलाने तुला दिली. परवा ते सांगताना तू इतकी हसलीस की तुझा चष्मा दोरीला लोंबायला लागला. पहिल्या ओळीलाच तू ओळखलंस की हे तर आपल्या वर्गातलं. पण वर 'प्रिय शशिकला' होतं, खाली त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि शेवटी त्याने एकच ओळ पदरची घातली होती, की तळ्याच्या पायऱ्या उतरताना तुझ्या चपलेची पिन सुटते, म्हणून सोबत नवी पिन जोडली आहे. "मी काय त्या पत्राशी लग्न केलं होय, मी त्या पिनेशी केलं," असं तू म्हणालीस. मग म्हणालीस, "तो अ. ब. क. भेटला तर एकदा विचारणार आहे मी त्याला, अरे बाबा, तुझी ती मुलगी होती तरी कोण?" नेमका तेव्हाच माझा कप सदऱ्यावर लवंडला, आणि तू मला तुझा रुमाल दिलास.

तर शशिकला, तो मी. मुलगी तू होतीस. गठ्ठ्यात नव्हे, मी तो कागद तुझ्याच वहीत सरकवला होता, तो तिथून निसटला.

सत्यजीतच्या बाबांवर, त्या उंच मुलावर, ते गेल्यावरही माझा राग आहे असं मनात आणू नकोस. होता, दोन वर्षं. पण परवा पिनेची गोष्ट ऐकली आणि तो हिशेब कायमचा मिटला. शब्द माझे असतील, पत्र त्यांचंच होतं. माझ्या मालूला लग्नानंतर ट्रंकेत त्याचा कच्चा खर्डा सापडला होता. तिने तो भाकरी थापता थापता वाचला आणि म्हणाली, "अवो, यात बाई हाय कुठं? नाक नाय, डोळं नाय, निस्ती हरणं." मी तिला अडाणी ठरवून मोकळा झालो. पुढे चौतीस वर्षं तिने माझ्याशी संसार केला, आणि तिच्या पिठाच्या हाताचा त्या खर्ड्यावर उठलेला ठसा, तेवढाच त्या कागदावरचा खरा माणूस आहे, हे कळायला मला ती जावी लागली. जाऊन नऊ वर्षं झाली.

आता हे सगळं आजच का. किशोरीताईंनी तुझ्या निरोपसमारंभाचं मानपत्र माझ्याकडे दिलं आहे. संघाचं मराठी मीच बघतो ना. आपलं मानपत्र ठरलेलं आहे, सात वर्षांपूर्वी मीच रचलेलं. 'आपल्या मंदस्मिताने आमच्या जीवनोद्यानात' वगैरे. दर वेळी मी फक्त नाव बदलतो. दोन मानपत्रं तर ज्यांना दिली त्यांना आयुष्यात कधी हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. आज दुपारी रिकाम्या जागेत तुझं नाव भरायला बसलो आणि हात पुढे जाईना. तुझं हसू मंद नाही. तू हसतेस तेव्हा खिडकीवरची कबुतरं उडतात. लिहिताना तुझ्या जिभेचं टोक अजून बाहेर येतं. रिक्षा थांबवायला तू छत्री अशी आडवी घालतेस की रिक्षावाले आधी घाबरतात, मग थांबतात. चिवड्यातले शेंगदाणे वेचून तू शेजाऱ्याच्या बशीत टाकतेस, आणि गेले सहा महिने तो शेजारी बहुतेकदा मी असतो. हे मानपत्रात बसत नाही. म्हणून तो कागद मी किशोरीताईंना नाव न भरताच परत करणार आहे, आणि हे तुला पाठवतो आहे. सत्यजीतकडे अवश्य जा, दिवाळी कर, महिनाभर राहा. पण परत ये. गुरुवारसाठी मी भगवानरावांना पुढच्या रांगेत बसायला सांगितलं आहे. का, म्हणून विचारत होते. मी म्हटलं, गोत्व पुढून जास्त नीट दिसतं. तेव्हा माझ्या शेजारची खुर्ची रिकामी असेल. सोबत पिन जोडलेली नाही, ती त्यांची आहे. तुझा रुमाल जोडला आहे. दोनदा धुतला, चहाचा डाग गेला नाही. या वेळी गुण नकोत, उत्तर दे.

तुझाच,
कुमार
(तळ्याकडची खिडकी, दुसरा मजला)