हळहळणाऱ्यांची घड्याळं

४ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

दाजींना मोठ्या डॉक्टरांकडे नेलंस ना? काय म्हणाले ते सविस्तर कळव. तुझं ‘बरं आहे’ मला आता पुरत नाही.

इकडे आमचा शब्दकोश एकदाचा ‘ह’पर्यंत आला. ‘हळहळणे’ माझ्या वाट्याला आलंय. ‘दुसऱ्याचं नुकसान पाहून वाईट वाटणे’ असा अर्थ लिहिला, तर आमच्या संपादकबाईंनी खोडला. मग कळवळण्यात आणि यात फरक काय, म्हणाल्या. रोजच्या बोलण्यातलं वाक्य हवंय. दिवसभर दुकानात बसून लोकांचं ऐकणारी तूच, तेव्हा पाठव एखादं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

१५ जून

चि. पंडितास,
अ. उ. आ.

डॉक्टरांनी हात टेकले. डाव्या डोळ्याची नजर गेलीच, उजव्याचीही राहायची नाही. ह्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर दुकान उघडायला उशीर झाला म्हणून माझ्यावर खेकसले. नजर गेल्यावर घड्याळजीने काय करायचं, हे मी कुणाला विचारू?

तुझं वाक्य घे: ‘गिऱ्हाईक आलं, हळहळलं आणि निघून गेलं.’ कळवळलेला माणूस धावून तरी येतो रे. हळहळणाऱ्याच्या हातात काही नसतं. आमची गल्ली मात्र हळहळून थकली आणि तिने नवंच काढलंय. शिंपी, पाववाला, शाळेतल्या बाई, सगळे आपापली धडधाकट घड्याळं दुरुस्तीला आणतात. मागे पडतं म्हणून सांगतात. हे खोलतात, बोटांनी चाचपतात, तेल देतात, मिटतात. मी तोंडाला कुलूप लावून बसते. रोज सकाळी दाढी करून दुकानात जायला काहीतरी आहे, तेवढं तरी राहू दे.

आठवण ठेवतोसच, तशीच ठेव.

ताई

२८ जून

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं वाक्य पास झालं. बाईंनी दोनदा वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली. रजा मागितली होती, मिळाली नाही. छपाई तोंडावर आलीय. नुसतं बसवेना, म्हणून माझं मनगटी घड्याळ शेजाऱ्याबरोबर पाठवतोय. मागे पडतं म्हणून दाजींना सांग. पडत नाही, पण मला दुसरं काय करता येतंय?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

धाकटा

९ जुलै

चि. भाऊस,
अ. उ. आ.

घड्याळ पोचलं. मेहुण्याचं आधी, म्हणत ह्यांनी बाकीची बाजूला सारली. मोठ्या हौसेने खोललं, चाचपलं, खूप वेळ कानाशी धरलं. मग झाकण बसवून माझ्या हातात दिलं आणि याला काही झालेलं नाही म्हणाले.

गल्लीचं सोंग ह्यांना पहिल्यापासून कळत होतं रे. परक्यांचं चालवून घेत होते. तुझं तेवढं खरंच बिघडलं असेल, असं धरून बसले होते. घरच्यांनी तरी असं करायला नको होतं, एवढंच बोलले. सगळी घड्याळं माझ्याकडून ज्याची त्याला परत पाठवली आणि दुकानाला कुलूप घातलं. तू स्वतःला बोल लावू नकोस. मीही तुमच्यातलीच.

आज सकाळी ह्यांनी नेहमीसारखी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि दारापर्यंत गेले. चौकटीला हात लावून तिथेच थांबले. आता कुठे जाऊ, असं त्यांनी मला विचारलं.

लोभ असू दे.

ताई